चार भाषा बोलणारे मुके

अकलूजच्या आठवडे बाजारात भाजीवाल्यांची रांग जिथे संपते, तिथे पाटे-वरवंटे आणि खलबत्ते मांडून वडार समाजाच्या बायका बसतात. घरोघरी मिक्सर आल्यापासून या धंद्यात दम उरलेला नाही. तरी लग्नसराईत चार पैसे सुटतात म्हणून त्या येतात. अशाच एका मावशींजवळ आम्ही मध्यंतरी अर्धा तास उभे होतो. तेवढ्या वेळात त्यांनी इंदापूरकडच्या एका गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस केली. शेजारच्या बांगडीवाल्या भाभीला दखनी उर्दूत सुट्ट्या पैशांबद्दल विचारले. विजापूरकडून टेम्पो घेऊन आलेल्या ड्रायव्हरशी कानडीत भाडे ठरवले आणि मागे बसलेल्या सुनेला वडारी बोलीत काहीतरी बजावले. एका भाषेतून दुसरीत जाताना त्या कुठेही अडखळल्या नाहीत.

आम्ही सहज विचारले, "मावशी, तुम्हाला भाषा किती येतात?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "आमाला कुठली भाषा येतीय दादा? आमी अडाणी मानसं. साळंचं तोंड बघितलं न्हाई."

मग त्यांनी आपल्या नातवाचे सांगितले. पोरगा यंदा पहिलीत बसला. वर्गात तो तोंडच उघडत नाही म्हणून गुरुजींनी निरोप धाडला होता, पोराला दवाखान्यात दाखवून आणा, मुका आहे की काय बघा. आणि तो 'मुका' पोरगा त्या वेळी दहा पावलांवर बांगडीवालीच्या पोराशी दखनीत भांडत होता, मध्येच आपल्या आईला वडारीत हाक मारून साक्षीला बोलावत होता!

चार भाषा बोलणारी बाई स्वतःला अडाणी म्हणते आणि दोन-तीन भाषा कानात घेऊन शाळेत आलेले लेकरू मुके ठरते. हा दोष त्या बाईचा नाही आणि त्या लेकराचाही नाही. या देशात ज्ञान कशाला म्हणायचे हे ज्या मोजपट्टीने ठरवले, त्या मोजपट्टीचा हा दोष आहे. त्या मोजपट्टीबद्दलच आज आम्हाला समाजबांधवांशी बोलायचे आहे.

आपल्याकडे बहुभाषिक हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर कोण येतो? जर्मन, फ्रेंच, जपानी शिकलेला शहरी तरुण, परदेशी जाणारा अधिकारी, दोन-चार भाषांतून अनुवाद करणारे प्राध्यापक. त्यांचे सत्कार होतात, त्यांना जादा पगार मिळतो. त्यांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु उसाच्या फडावर, खडी फोडण्याच्या खाणीवर, वीटभट्टीवर आणि पालावर वाढलेला माणूस चार भाषा बोलतो तेव्हा त्याला कोणी बहुभाषिक म्हणत नाही. फिरस्ता माणूस, पोटासाठी शिकला असेल, असे म्हणून विषय संपवला जातो. एकाचे ते ज्ञान आणि दुसऱ्याची ती सवय, असा हा न्याय आहे.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्यांची, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. भाषांचेही या व्यवस्थेने तेच केले आहे. सगळ्यात वर संस्कृत आणि इंग्रजी. त्याखाली पुस्तकातली मराठी. त्याखाली गावची मराठी, जिला 'अशुद्ध' म्हणतात. आणि अगदी तळाला पालावरच्या, तांड्यावरच्या भाषा. त्यांना भाषा म्हणायलाही प्रस्थापित समाज तयार नाही. 'गिचमिड', 'चोरांची बोली' अशी त्यांची नावे आहेत. माणसाची जात जिथे, तिथेच त्याच्या भाषेची जागा.

वास्तविक आपला सोलापूर जिल्हा कधीही एका भाषेचा नव्हता. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथील शिलालेख शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा आहे. मराठीतील सर्वात जुन्या लेखांत त्याची गणना होते. मराठीचा हा अभिमानाचा दगड सापडला तो कुठे? भीमा-सीनेच्या संगमावर, जिथे आजही घरोघरी कानडी बोलली जाते तिथे. मंगळवेढ्याला कलचुरी बिज्जलाच्या दरबारी बसवण्णा होते. पुढे कल्याणला त्यांच्या चळवळीत ढोर, चांभार, मांग, महार अशा सर्व जातींची माणसे कानडी वचनांतून बोलू लागली. त्याच मंगळवेढ्याला दीड-दोनशे वर्षांनी चोखोबा मराठीत बोलले आणि गावकुसाचे बांधकाम अंगावर कोसळून तिथेच मजुरीवर मेले. १६८९ मध्ये औरंगजेबाची छावणी अकलूजला होती, तेव्हा याच नीरेच्या काठावर फारसी, दखनी आणि उत्तरेकडच्या नाना बोली ऐकू येत होत्या. १८७७ मध्ये सोलापुरात जुनी मिल उभी राहिली. तेलुगू बोलणारे विणकर या शहरात आले आणि सोलापूरचेच झाले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नुसती नावे वाचली तरी या जिल्ह्याच्या भाषा कानावर येतात.

अकलूजचे आजचे चित्रही वेगळे नाही. दिवाळीनंतर साखर कारखान्याचे बॉयलर पेटतात आणि मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे म्हणजे 'एक कोयता'. माणसाचे नावदेखील हत्यारावर पडलेले. या टोळ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत आणि बंजारा आहेत. बंजारा कोपीवर संध्याकाळी चुलीपाशी गोरमाटी चालते, मुकादमाशी मराठी आणि गाडीवानाशी हिंदी. लहान पोर हे सगळे ऐकत पाचटावर झोपी जाते. घोडेबाजार भरतो तेव्हा राजस्थान आणि पंजाबकडचे व्यापारी येतात आणि अकलूजची साधी माणसे त्यांच्याशी त्यांच्या वळणाची हिंदी बोलून व्यवहार करतात. अकलूजची लावणी स्पर्धा महाराष्ट्रभर गाजली. रंगमंचावर उभी राहणारी बाई ठसठशीत मराठीत गाते. परंतु तिच्यातल्या कित्येकींच्या आज्यांची घरची भाषा वेगळी होती, हे टाळ्या वाजवणाऱ्याला ठाऊकही नसते.

मग या भाषांची नोंद कोणी केलीच नाही काय? केली. आणि ती कोणी व कशासाठी केली हे नीट समजून घेतले पाहिजे. ग्रियर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कैकाडी आहे. १९२२ चा अकरावा खंड तर भटक्यांच्या भाषांनाच वाहिलेला असून त्यात कोल्हाटी, गारुडी, भामटी, बेलदारी यांचे नमुने आहेत. हे झाले अभ्यासाचे काम. पण त्याच काळात, १९०८ मध्ये, केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार जमातींवर पुस्तक लिहिले. त्यात जमातवार राहणी, वेश, सवयी यांच्याबरोबर त्यांची बोली आणि सांकेतिक शब्दही नोंदवले. कशासाठी? तर पोलिसाला माणूस ओळखता यावा म्हणून. म्हणजे आईने शिकवलेली भाषा ही गुन्ह्याची खूण झाली!

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने आला आणि मुंबई इलाख्यात लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथे जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार. हजेरी चुकली तर शिक्षा. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला. तार तुटली. पण तारेच्या आत जे भय बसले ते तुटले नाही. आजही बसमध्ये पारध्याच्या दोन बायका आपसात आपल्या भाषेत बोलू लागल्या की शेजारचा प्रवासी पाकीट चाचपतो. म्हणून त्या बायका बोलणे थांबवतात. आपल्या लेकरांना सांगतात, बाहेर आपली भाषा काढू नका. ज्या भाषेबद्दल पोलीस संशय घेतो, ती भाषा आई आपल्याच लेकराच्या तोंडातून काढून घेते. एखादी भाषा मरते म्हणजे काय होते, हे असे होते.

स्वतंत्र भारताच्या जनगणनेने तरी न्याय केला काय? १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद झाली होती. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषांची नावे वेगळी छापणे बंद झाले. २०११ मध्ये लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी त्या १२१ भाषांच्या पोटात घालण्यात आल्या. या कप्प्यांत आपली माणसे कुठे गेली ते पाहा. कैकाडी तमिळमध्ये गेली. वडारी तेलुगूमध्ये गेली. पारधी भिलीमध्ये गेली. आणि बंजारा समाजाची लमाणी, जी बोलणाऱ्यांची संख्या २०११ मध्ये बत्तीस लाखांवर होती, ती हिंदीच्या खाती जमा झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यातील काही नाती खरी असतील. कैकाडीचे तमिळशी आणि वडारीचे तेलुगूशी नाते आहे हे आम्ही नाकारत नाही. पण नाते असणे वेगळे आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपली जमीन चढवणे वेगळे.

आणखी एक बारीक गोष्ट. २०११ च्या जनगणनेच्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि 'येत असलेल्या इतर भाषा' म्हणून फक्त दोन भाषांना जागा होती. म्हणजे सरकारी कागदावर कोणाही माणसाला जास्तीत जास्त तीन भाषा येऊ शकतात. आमच्या बाजारातल्या मावशींची चौथी भाषा लिहायला त्या कागदावर जागाच नाही. शिक्षणाच्या रकान्यात मात्र त्यांच्यासाठी जागा तयार आहे: निरक्षर. त्या निरक्षर आहेत हे खरेच आहे. त्यांना अक्षर मिळू दिले नाही हा या समाजाचा गुन्हाच आहे. पण निरक्षर म्हणजे अज्ञानी, हे समीकरण कोणी मांडले?

आता शाळेकडे वळू. पहिलीच्या वर्गात गुरुजी आईचे चित्र दाखवून विचारतात, ही कोण? बंजाऱ्याचे लेकरू म्हणते 'याडी'. सारा वर्ग हसतो. अक्कलकोटकडून आलेले लेकरू 'अव्वा' म्हणते, तेही हसण्यावारी जाते. पहिल्याच दिवशी त्या लेकराला कळते की आपल्या आईचे नावही इथे चूक आहे. मग ते गप्प बसते. दोन वर्षे गप्प बसलेले मूल तिसरीत 'अप्रगत' म्हणून नोंदले जाते आणि पाचवी-सहावीत कोयत्याला लागते. त्याचे बापजादेही याच वाटेने कोयत्याला लागले. आम्ही कुठल्याही एका शाळेला किंवा शिक्षकाला दोष देत नाही. साठ-सत्तर कागद भरणाऱ्या त्या शिक्षकाला तरी ही भाषा कोणी शिकवली आहे?

आणि हे घटनेच्या विरुद्ध आहे. ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत अल्पसंख्याकांच्या भाषा-संस्कृतीच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी एक फार महत्त्वाचा खुलासा केला. अल्पसंख्याक हा शब्द इथे केवळ धर्माच्या तांत्रिक अर्थाने घ्यायचा नाही. मद्रासकडून मुंबईत येऊन राहिलेली माणसे किंवा महाराष्ट्रातून बंगालमध्ये जाऊन स्थायिक झालेली माणसे, त्यांच्याही भाषेला, लिपीला आणि संस्कृतीला हे संरक्षण आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेच आजचे कलम २९. म्हणजे पोटासाठी मुलूख सोडलेल्या माणसाची भाषा घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याक गटातील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. सोलापूर जिल्ह्यात कानडी, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या हे चांगलेच झाले. परंतु ज्यांच्या भाषेला लिपी नाही, ज्यांच्या भाषेत वर्तमानपत्र नाही, ज्यांच्या भाषेचे राज्य नाही, त्यांच्यापर्यंत हे कलम सत्तर वर्षांत चालत आलेले नाही.

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला. राज्यभर गदारोळ झाला आणि २९ जून २०२५ रोजी तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सक्तीला विरोध झाला तो योग्यच होता. पण त्या सगळ्या वादात मराठी विरुद्ध हिंदी एवढेच दोन पहिलवान आखाड्यात होते. ज्या लेकराला पहिलीत मराठी हीच दुसरी किंवा तिसरी भाषा असते, त्याचे नाव कोणी घेतलेले निदान आमच्या तरी कानावर आले नाही. तिसरी भाषा कोवळ्या मेंदूला झेपेल काय, अशी चिंता मोठमोठ्या लोकांनी केली. वडाराच्या, कैकाड्याच्या लेकराच्या मेंदूची चिंता मात्र आजवर कोणाला पडली नाही. ते लेकरू हे ओझे पिढ्यान्पिढ्या उचलत आले आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मातृभाषेचे नाव काढले की आपल्या समाजातील सुशिक्षित बांधव सावध होतात आणि त्यांचे सावध होणे बरोबर आहे. मातृभाषेचा महिमा सांगणाऱ्यांनी स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घातली आणि आपल्या मुलांना गावच्या गळक्या शाळेत ठेवले, हा अनुभव आपण विसरलेलो नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, वडाराच्या मुलाला वडारीत कोंडून ठेवा असे आमचे म्हणणे नाही. त्याला उत्तम मराठी आली पाहिजे आणि उत्तम इंग्रजीही आली पाहिजे. परंतु माडीवर चढायचे तर पहिली पायरी जमिनीला टेकलेली हवी. लेकराच्या तोंडात जी भाषा आहे तिचा हात धरून त्याला मराठीत आणा, मराठीचा हात धरून इंग्रजीत न्या. दक्षिण आफ्रिकेत १६ जून १९७६ रोजी सोवेटोची काळी मुले गोळ्यांना सामोरी गेली, कारण गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा त्यांच्यावर लादली जात होती. पुढे त्यांच्या देशाच्या १९९६ च्या घटनेने अकरा भाषांना राजभाषा केले, त्यात नऊ भाषा काळ्या माणसांच्या घरच्या होत्या आणि इंग्रजीही होती. त्यांनी घरची भाषा आणि जगाची भाषा या दोहोंपैकी एकच निवडा असे आपल्या लेकरांना सांगितले नाही.

बाबासाहेबांचे स्वतःचे जीवन याहून वेगळे काय सांगते? हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. ते इंग्रजी आणि फारसी घेऊन बी. ए. झाले. पुढे संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकले, पाली शिकले आणि पालीचा शब्दकोश तयार केला. तो १९९८ मध्ये शासनाने त्यांच्या लेखनाच्या सोळाव्या खंडात छापला. इंग्रजीत त्यांनी जगाशी वाद घातला. पण ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले ते मराठीत, आणि नाव दिले 'मूकनायक'. मुक्यांचा नायक! ते मुके म्हणजे कोण? ज्यांना भाषा नव्हती ते नव्हेत. त्यांच्याकडे ओव्या होत्या, गाणी होती, म्हणी होत्या. त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते म्हणून ते मुके. अकलूजच्या शाळेत गप्प बसलेले ते पोरगे याच अर्थाने मुके आहे.

भाषावार राज्यांबद्दल १९५५ मध्ये लिहिताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, एका भाषेचे राज्य झाले की त्या राज्यात जी जात संख्येने मोठी तिच्या हाती सत्ता जाते आणि लहान जाती तिच्या दयेवर राहतात. त्याच लिखाणात राज्याचा कारभार प्रादेशिक भाषेतून नको, हिंदीतून चालावा, असेही त्यांनी मांडले होते. ते आम्ही लपवीत नाही. देश फुटू नये ही त्यांची त्या वेळची काळजी होती. कारभाराची भाषा कोणती हा एक प्रश्न आणि लेकराचा पहिला धडा कोणत्या भाषेत हा दुसरा प्रश्न. पण त्यांचा इशारा दोन्हींना लागू पडतो. भाषेच्या नावाने राज्य आले, तरी त्या राज्यात दुबळ्याचा आवाज ऐकला जाईलच असे नाही. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले. कैकाडी, वडार, पारधी यांच्या भाषेचे त्यात काय झाले, याचा हिशेब कोणी द्यायचा?

हिशेब दुसऱ्याकडे मागताना स्वतःकडेही पाहावे लागते. आपल्या चळवळीने तरी काय केले? 'उपरा' १९८० मध्ये आले आणि लक्ष्मण माने यांच्या लेखणीतून कैकाड्याचे जगणे प्रथमच मराठी वाचकांच्या दिवाणखान्यात शिरले. 'उचल्या', 'कोल्हाट्याचं पोर' ही पुस्तके आपण अभिमानाने कपाटात ठेवली. २००७ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. नंतर काय? त्यांच्या वस्तीवर गेल्यावर पंचशीलाचा अर्थ आपण त्यांच्या भाषेत सांगितला काय? आपल्याच काही सुशिक्षित घरांत म्हाताऱ्या आईचे 'न्हाई', 'व्हय', 'कुटं' ऐकून मुले पाहुण्यांसमोर ओशाळतात. जी मोजपट्टी आपल्या पाठीवर बसली, तीच आपण दुसऱ्याच्या पाठीवर चालवतो आहोत.

हे धम्माला धरून नाही. विनयपिटकात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्षू, जे बोलण्यात मोठे सफाईदार होते, भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन गेले. नाना कुळांचे, नाना जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलतात आणि ते बिघडवतात, तेव्हा आपण ते वैदिक छंदात बांधून टाकू, असे ते म्हणाले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली. तसे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय आहे. सम्राट अशोकाने तोच धडा राज्यकारभारात गिरवला. आपल्याकडे सोपाऱ्याला त्याचा लेख प्राकृतात आहे आणि दूर कंदाहारला तोच सम्राट ग्रीक आणि अरेमाईक भाषांत प्रजेशी बोलतो. राजाने प्रजेच्या भाषेत बोलावे, प्रजेने राजाची भाषा शिकेपर्यंत थांबू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पाली आणि मराठीला एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण केला. पण पालीचा मान राखायचा तर पालीतला हा धडाही राखावा लागेल.

तेव्हा करायचे काय? मोठ्या आयोगांची वाट आपण पाहिली. रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यानंतर इदाते आयोगही झाला. त्या अहवालांचा पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे. पण काही कामे आपल्या हातातली आहेत आणि ती अकलूजसारख्या गावातूनच सुरू होऊ शकतात.

पहिले काम जनगणनेचे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि या गणनेत जातही मोजण्याचा निर्णय झाला. जात लिहिताना आपण जागरूक राहतो, तसेच भाषा लिहितानाही राहिले पाहिजे. प्रगणकाने विचारण्याआधीच 'मराठी' असे लिहून टाकू नये. वडारी असेल तर वडारी, कैकाडी असेल तर कैकाडी, गोरमाटी असेल तर गोरमाटी हेच लिहून घ्यावे. पुढे ते कोणत्या कप्प्यात घालायचे ते घालोत, पण मूळ आकडा तरी कागदावर राहील.

दुसरे काम शाळेचे. या समाजांतून डी. एड., बी. एड. झालेली मुले-मुली आज बेकार फिरत आहेत. ज्या शाळेत पालावरची, तांड्यावरची आणि ऊसतोडीची लेकरे येतात, तिथे पहिली-दुसरीसाठी त्यांच्या भाषेची जाण असलेला सहाय्यक शिक्षक नेमावा, अशी मागणी आपण ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरली पाहिजे. तोवर निदान शंभर-दोनशे शब्दांची एक वही आपल्याच तरुणांनी तयार करावी. आई, पाणी, भाकरी, भूक, शौचाला जायचे आहे, पोट दुखते, एवढे शब्द गुरुजींना लेकराच्या भाषेत कळले तरी वर्गातली अर्धी भीती जाते. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषांच्या सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला. भटक्यांच्या भाषांना त्यात जागा आहे. आपल्या विहारांच्या ग्रंथालयांत तो असला पाहिजे.

तिसरे काम पोलीस ठाण्याचे आणि कोर्टाचे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्थानबद्ध माणसाला कारणे कळवायची तर त्याला समजणाऱ्या भाषेत कळवली पाहिजेत. फक्त हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद दिला होता आणि तेवढ्यावरून त्याची सुटका झाली. रात्री पालावरून उचललेल्या पारध्याच्या पोराला त्याच्या भाषेत कोण समजावून सांगतो? आपल्या वकील बांधवांनी हा प्रश्न प्रत्येक खटल्यात उभा केला पाहिजे.

आणि चौथे काम आपल्या घरातले. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. कारण खेड्यातला मुलगा शहरात आला तर त्याला टेकायला जागा हवी, हे बाबासाहेबांना कळत होते. डोक्यावर छप्पर हवे तशी तोंडातल्या भाषेलाही टेकायला जागा हवी. आपले विहार, आपल्या अभ्यासिका, आपले जयंतीचे मंच ही ती जागा का होऊ नये? येत्या १४ एप्रिलला अकलूजच्या मंचावर एखाद्या वडार मावशीला, एखाद्या कैकाडी आजीला माईकसमोर उभे करा. त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या आणि त्यांच्या नातवाला मराठीत त्याचा अर्थ सांगू द्या. तो मुका आहे की काय, हे मग सगळ्या गावाला कळेल.

बाजारातून निघताना आम्ही त्या मावशींकडून एक खलबत्ता घेतला. पैसे देताना म्हणालो, "मावशी, तुम्हाला चार भाषा येतात. आम्हाला धड तीन येत नाहीत." त्यांनी आधी आमच्याकडे संशयाने पाहिले. चेष्टा करतोय की काय, असे त्यांना वाटले असावे. मग बोटे मोजली. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "चार न्हाई दादा, पाच. आमी कोल्हापूरला खाणीवर हुतो तवा कैकाड्याच्या शेजारी ऱ्हायलो. त्येंची बी येती."

पाचवा आकडा त्यांनी स्वतःच मोजला. कोणीतरी विचारले म्हणून मोजला.